सरकारी वकील निवडून येतो म्हणजे काय? होल्ट्झमनबाईंच्या निवडणुकांमधून अमेरिकेची मतपेटी

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन भागातल्या ज्यूरीने, म्हणजे नागरिकांच्या पंचमंडळाने, डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं. त्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने विचारलं, "हा खटला चालवणारा ॲल्विन ब्रॅग म्हणे डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आलाय. सरकारी वकिलाला पक्षाचं तिकीट कसं काय?" वर्षभराने न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक गाजली आणि ग्रुपवर आणखी दोन प्रश्न आले. उमेदवार झोहरान ममदानींची मतं फेऱ्याफेऱ्यांत का मोजली? आणि मतपत्रिकेवर त्यांचं नाव दोनदा कसं?

यातलं एकेक सुटं समजावायला गेलं की ऐकणाऱ्याचं डोकं गरगरतं. एकाच माणसाच्या निवडणुका क्रमाने पाहिल्या तर मात्र बरंच उलगडतं. त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतात त्या एलिझाबेथ होल्ट्झमन. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात १९४१ साली जन्म, हार्वर्डमधून कायद्याची पदवी, आठ वर्षं अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्य, मग आठ वर्षं ब्रुकलिनच्या निवडून आलेल्या सरकारी वकील, नंतर न्यूयॉर्क शहराच्या हिशेब तपासनीस. आणि २०२२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, पुन्हा काँग्रेससाठी उमेदवार. एवढ्या प्रवासात न्यूयॉर्कच्या निवडणुकीचा जवळजवळ प्रत्येक नियम त्यांच्या वाट्याला आला. कधी त्याने त्यांना तारलं, कधी बुडवलं.

तिकीट कोण देतं?

आपल्याकडे तिकिटाचा फैसला श्रेष्ठी करतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म कुणाच्या हातात पडला, यावर माणसाचं नशीब ठरतं. अमेरिकेत हा फॉर्म, म्हणायचं तर, मतदारांच्या हातात असतो. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी वेगळी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलेल्या मतदारालाच तिच्यात मत देता येतं. तिथून जिंकलेला उमेदवार नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत दुसऱ्या पक्षांच्या उमेदवारांसमोर उभा राहतो.

ब्रुकलिन हा डेमोक्रॅटिक पक्षाचा जुना बालेकिल्ला. तिथे खरी लढत प्रायमरीतच होते, नोव्हेंबरची निवडणूक बहुतेक वेळा उपचारापुरती उरते. प्रायमरीला मतदानही कमी. त्यामुळे चिकाटीच्या नव्या माणसाला तिथे फट सापडू शकते, आणि १९७२ मध्ये ती होल्ट्झमनबाईंना सापडली.

समोर होते इमॅन्युएल सेलर. १९२३ पासून खासदार, सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ, न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. मराठी वाचकांनी हे नाव ऐकलेलं नसेल, पण अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या माणसांचं त्यांच्याशी थेट नातं आहे. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करणाऱ्या आणि वर्षाला १०० जणांचा कोटा देणाऱ्या कायद्यावर सेलर यांचं नाव आहे. राष्ट्रीयतेनुसार कोटा ठरवण्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या १९६५ च्या कायद्यावरही तेच नाव आहे. दादर-पुण्यातून शिकून गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर त्याच दारातून आत शिरले.

अशा माणसाविरुद्ध तिशीतली वकीलबाई उभी राहिली. पैसा जेमतेम. सबवेच्या स्टेशनांबाहेर, सिनेमाच्या रांगांत उभं राहून त्या लोकांशी बोलल्या. सेलर मतदारसंघात दिसत नाहीत, स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला त्यांचा विरोध आहे, हे त्यांचे मुद्दे. जून १९७२ च्या प्रायमरीत त्या सुमारे ६०० मतांनी जिंकल्या. नोव्हेंबरात निवडून आल्या तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. काँग्रेसवर निवडून आलेली सर्वांत तरुण स्त्री हा त्यांचा मान पुढे २०१४ पर्यंत टिकला.

सेलर हरल्यामुळे न्यायविषयक समितीचं अध्यक्षपद न्यू जर्सीच्या पीटर रोडिनो यांच्याकडे गेलं. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची चौकशी याच समितीने केली. नव्या खासदार होल्ट्झमन तिच्या सदस्य होत्या. ब्रुकलिनच्या काही गल्ल्यांतल्या ६०० मतांनी देशाच्या इतिहासातल्या त्या प्रसंगी खुर्चीवर कोण बसणार, हेच बदलून टाकलं. प्रायमरी म्हणजे पक्षाचं घरगुती प्रकरण, असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

एक नाव, तीन रांगा

आता १९८०. होल्ट्झमनबाई सिनेटसाठी, संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, उभ्या राहिल्या, म्हणजे मतदारसंघ झाला अख्खं न्यूयॉर्क राज्य. डेमोक्रॅटिक प्रायमरीत चार उमेदवार होते, त्यात माजी महापौर जॉन लिंडसेसुद्धा. होल्ट्झमनबाईंना सुमारे ४१ टक्के मतं पडली. निम्मीही नाहीत, पण सर्वांत जास्त मतांचा नियम असल्याने उमेदवारी त्यांची.

रिपब्लिकन बाजूला अधिक मोठा धक्का बसला होता. १९५७ पासून सिनेटमध्ये असलेले, उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे जेकब जावित्स त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. वय ७६, मज्जातंतूंच्या गंभीर आजाराचं निदान झालेलं. त्यांना हरवलं लाँग आयलंडच्या अल्फॉन्स डमॅटो यांनी. पण जावित्स मैदान सोडून गेले नाहीत, कारण लिबरल नावाच्या छोट्या पक्षाची उमेदवारी त्यांच्या हातात होती.

न्यूयॉर्कचा एक नियम इथे समजून घ्यायला हवा. त्या राज्यात एकच उमेदवार एकापेक्षा जास्त पक्षांचा अधिकृत उमेदवार असू शकतो. मतपत्रिकेवर त्याचं नाव प्रत्येक पक्षाच्या रांगेत छापलं जातं आणि सगळ्या रांगांतली मतं शेवटी एकत्र धरतात. याला फ्युजन म्हणतात. एकाच दुकानाला दोन रस्त्यांवर दारं असावीत तसं हे आहे. गिऱ्हाईक कुठल्याही दाराने आलं तरी गल्ला एकच. ज्याला मोठ्या पक्षाच्या चिन्हापुढे खूण करायला जड जातं, तो छोट्या पक्षाच्या दाराने येतो आणि आपण कोणत्या विचाराने मत दिलं हेही सांगून जातो. २०२५ मध्ये ममदानींचं नाव दोनदा दिसलं ते याचमुळे. डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज अशा दोन पक्षांचे ते उमेदवार होते. त्यात लबाडी काही नव्हती. मतदाराला एकाच ठिकाणी खूण करायची असते.

१९८० मध्ये डमॅटो यांच्या दुकानाला तीन दारं होती : रिपब्लिकन, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि गर्भपाताला विरोध करणारा राइट टू लाइफ पक्ष. निकाल लागला तेव्हा डमॅटो ४५ टक्क्यांना जरा कमी, होल्ट्झमन ४३.५ टक्के, जावित्स ११ टक्के. साठ लाखांवर मतांत फरक सुमारे ८१,००० चा. एकट्या राइट टू लाइफच्या रांगेतून डमॅटो यांना मिळालेली मतं दीड लाखाच्या आसपास होती, म्हणजे विजयाच्या फरकाहून जास्त.

मतविभागणी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तरी एक घरगुती हिशेब मांडतो, पुढे पुन्हा लागेल. आमच्या सोसायटीत ३५ जणांची सहल ठरत होती असं समजा. १६ जणांना महाबळेश्वर हवं होतं. उरलेल्या १९ जणांना समुद्र हवा होता, पण त्यातले ११ तारकर्ली म्हणाले आणि ८ हरिहरेश्वर. ज्याला जास्त हात वर, ते ठिकाण पक्कं, असा नियम असेल तर बस महाबळेश्वरला निघते. समुद्र हवा असणारे जास्त असूनही सगळे डोंगरावर.

जावित्स नसते तर बाई जिंकल्या असत्या का?

हा प्रश्न न्यूयॉर्कच्या राजकारणात वर्षानुवर्षं चघळला गेला. जावित्स यांना साडेसहा लाखांहून जास्त मतं पडली होती, म्हणजे फरकाच्या आठपट. आकडे पाहून चटकन "हो" म्हणावंसं वाटतं. मी म्हणणार नाही. जावित्स यांना मत देणारे सगळे डेमोक्रॅट नव्हते. त्यात आयुष्यभर रिपब्लिकन राहिलेली, जावित्स नसते तर डमॅटो यांच्याकडे वळली असती किंवा घरीच बसली असती अशी माणसंही होती. शिवाय त्याच दिवशी रेगन यांनी न्यूयॉर्क राज्य जिंकलं होतं, वारं कुठलं होतं ते त्यावरून कळतं. खात्रीने एवढंच म्हणता येतं की ५५ टक्के मतदारांनी ज्यांना मत दिलं नाही ते डमॅटो निवडून आले, आणि पुढे १८ वर्षं सिनेटमध्ये राहिले.

यात कुणी नियम मोडला नव्हता. जावित्स यांना उभं राहायचा हक्क होता, लिबरल पक्षाला त्यांना उभं करायचा. मला सलतं ते वेगळंच. मतदाराला आपल्या मनातली दुसरी पसंती सांगायला कागदावर जागाच नव्हती.

सरकारी वकिलाला मत कशासाठी?

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, होल्ट्झमनबाई ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकील म्हणून निवडून आल्या. लोक या पदाला थोडक्यात डीए म्हणतात, मीही म्हणतो. न्यूयॉर्क शहरात डीए म्हणून निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९८५ मध्ये पुन्हा निवडून आल्या.

आपल्याकडे सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीच्या परीक्षेतून येतो, जिल्हा सरकारी वकिलाला राज्य सरकार नेमतं, गाजलेल्या खटल्यासाठी विशेष सरकारी वकील नेमला जातो. उज्ज्वल निकम यांनी १९९३ चे बॉम्बस्फोट आणि २६/११ असे खटले चालवले ते नेमणुकीवर. मतांच्या राजकारणात ते नंतर आले. २०२४ मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून भाजपतर्फे लढले, वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले, आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. आपल्याकडे कोर्ट आणि मतपेटी या दोन वेगळ्या इमारती आहेत. माणूस एकीतून निघून दुसरीत जातो. न्यूयॉर्कमध्ये डीएचं पद दोन्हींमध्ये पाय ठेवून उभं आहे.

हे आजचं नाही. १८४६ च्या राज्यघटनेने न्यूयॉर्कमध्ये डीएला निवडणुकीने आणायचं ठरवलं. त्या काळी नेमणुका म्हणजे सत्ताधाऱ्यांनी आपल्या माणसांना वाटलेली बक्षिसं, अशी तक्रार सगळीकडे होती. ज्याच्याकडे एवढी सत्ता आहे त्याने लोकांपुढे यावं, हा त्यामागचा विचार. आणि सत्ता खरंच मोठी असते. कुणावर कोणता गुन्हा लावायचा, कुणाचं प्रकरण सोडून द्यायचं, आरोपीने गुन्हा कबूल केला तर शिक्षेत किती सूट द्यायची, हे डीएचं कार्यालय ठरवतं. बहुतांश प्रकरणं खटला उभा राहण्याआधी अशा कबुलीवरच मिटतात. वीस लाखांवर वस्तीच्या ब्रुकलिनमध्ये हे ठरवणारी व्यक्ती एकच.

पण "अमेरिकेत सरकारी वकील निवडून येतो" हे वाक्य सरसकट खरं नाही. बहुतेक राज्यांत तसं आहे, सगळ्या नाही. न्यू जर्सीत जिल्ह्याचा सरकारी वकील गव्हर्नर नेमतात. म्हणजे एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी नागरिकाला त्याच्यासाठी मत नसतं, आणि नदीपलीकडे क्वीन्समध्ये राहणाऱ्या त्याच्या बहिणीला असतं.

मग हा वकील निष्पक्ष कसा राहणार?

माझ्या मावसभावाची मुख्य हरकत हीच होती, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. मतं मागायची असली की कडक दिसावं लागतं, बातमीत राहावं लागतं. होल्ट्झमनबाईंच्याच कारकिर्दीतलं एक प्रकरण या भीतीला दुजोरा देतं. बलात्काराच्या एका खटल्यात न्यायाधीशाने पीडित स्त्रीला तो प्रसंग सर्वांसमोर करून दाखवायला लावला, असा आरोप त्यांनी जाहीरपणे केला. चौकशीत तो निराधार ठरला. पुरेशी खातरजमा न करता आरोप केल्याबद्दल वकिलांच्या शिस्त समितीने त्यांना लेखी समज दिली, आणि १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पीडितेची बाजू घेण्याची त्यांची तळमळ खरी असेल, मला ती खरीच वाटते. पण ज्याच्या शब्दाला सरकारचं वजन आहे, त्याने बोलण्याआधी तपासायला हवं होतं.

त्याच डीएच्या कार्यालयातून नेमकी उलटी गोष्टही घडली. ज्यूरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना कारण न देता नाकारता येतं. अनेक ठिकाणी सरकारी वकील या सवलतीचा वापर करून कृष्णवर्णीयांना ज्यूरीबाहेर ठेवत. बॅट्सन विरुद्ध केंटकी हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा होल्ट्झमन यांनी आरोपीच्या बाजूने निवेदन सादर केलं. एका सरकारी वकिलाने, सरकारी वकिलांचेच हात बांधा, असं न्यायालयाला सांगितलं. १९८६ मध्ये न्यायालयाने वंशावरून ज्यूरी नाकारायला मनाई केली. ब्रुकलिनमध्ये कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत, म्हणून त्यांना हे धाडस परवडलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. लोकांना उत्तर द्यावं लागणं याचा एक अर्थ हाही आहे.

अंकुश किती? दर चार वर्षांनी निवडणूक असते. गैरवर्तन झालं तर गव्हर्नर डीएला पदावरून काढू शकतात. आणि दोषी कोण हे शेवटी ज्यूरी ठरवते, डीए नाही. मला यातला निवडणुकीचा अंकुश सर्वांत कच्चा वाटतो. ब्रुकलिनसारख्या एकपक्षी भागात तो प्रायमरीपुरताच उरतो, आणि प्रायमरीला येतात थोडे.

सगळं खापर नियमांवर फोडायचं का?

नाही. १९८९ मध्ये होल्ट्झमनबाई शहराच्या हिशेब तपासनीस म्हणून निवडून आल्या, त्या पदावरच्याही पहिल्या स्त्री. १९९२ मध्ये डमॅटो यांना हरवायचंच, या जिद्दीने त्या पुन्हा सिनेटच्या प्रायमरीत उतरल्या. समोर होत्या जेराल्डिन फेरारो, १९८४ च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार. होल्ट्झमनबाईंच्या जाहिरातींनी फेरारोंवर इतका कडवा हल्ला चढवला की त्यांचे स्वतःचे समर्थक दुखावले. चौघांत त्या शेवटच्या आल्या, सुमारे १२ टक्के मतांवर. रॉबर्ट अब्राम्स यांनी फेरारोंना जेमतेम एका टक्क्याने मागे टाकलं आणि नोव्हेंबरात ते डमॅटोंकडून हरले.

त्या प्रचारासाठी होल्ट्झमनबाईंनी एका बँकेकडून साडेचार लाख डॉलरचं कर्ज घेतलं होतं. त्याच बँकेच्या भगिनी कंपनीला शहराच्या कर्जरोख्यांचं काम मिळालं, आणि ती निवड हिशेब तपासनीसाच्या कार्यालयाची होती. त्या कंपनीचं काम चालू आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. शहराच्या तपास खात्याने अहवालात हा गंभीर निष्काळजीपणा ठरवला, पुढे त्यांना ७,५०० डॉलरचा दंडही झाला. अहवाल आला तो १९९३ मध्ये, त्या पुन्हा त्याच पदासाठी लढत असतानाच. तिथे वेगळा नियम होता : शहरव्यापी पदाच्या प्रायमरीत कुणालाच ४० टक्के मिळाले नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. त्या दुसऱ्या फेरीत ॲलन हेवेसी यांनी त्यांना जवळपास दुपटीने हरवलं. दोघांतच लढत, मतविभागणीचा प्रश्नच नाही. मतदारांनी स्वच्छ नकार दिला होता.

फेऱ्याफेऱ्यांची मोजणी

दुसऱ्यांदा मतदान घेणं खर्चाचं, आणि लोक परत येत नाहीत. म्हणून न्यूयॉर्क शहराने २०१९ च्या सार्वमतानंतर पसंतीक्रम आणला, २०२१ पासून तो शहराच्या प्रायमरीत वापरतात. हे आपल्याला अनोळखी नाही. पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर आमदार निवडताना आपणही नावापुढे १, २, ३ लिहितो आणि रात्रभर दुसऱ्या पसंतीची मतं मोजली जातात. न्यूयॉर्कमध्ये पाचपर्यंत क्रम देता येतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील, तर शेवटचे बाद होतात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

सोसायटीची सहल पुन्हा आठवा. हरिहरेश्वर बाद, त्या ८ जणांची दुसरी पसंती तारकर्ली, मिळून झाले १९. बस समुद्राकडे निघाली.

हरकत एकच वारंवार येते : काहींना दोन मतं आणि काहींना एकच, असं नाही का होत? नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येकाचं एकच मत मोजलं जातं. महाबळेश्वरवाल्यांचंही दुसऱ्या फेरीत मोजलं गेलं, ते महाबळेश्वरलाच राहिलं इतकंच.

हा नियम शहराच्या पदांपुरता आहे, काँग्रेसच्या प्रायमरीला लागू नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मॅनहॅटनचा दक्षिण भाग आणि ब्रुकलिनचा काही भाग मिळून बनलेल्या मतदारसंघात उमेदवारांची गर्दी झाली. डॅन गोल्डमन सुमारे २६ टक्क्यांवर जिंकले, तेही एकेकाळचे सरकारी वकील, पण केंद्र सरकारने नेमलेले. दुसऱ्या क्रमांकाच्या यु-लीन निऊ यांच्यापेक्षा त्यांना दीड हजारही मतं जास्त नव्हती. होल्ट्झमनबाईंना साधारण चार टक्के मतं पडली. पन्नास वर्षांपूर्वी ज्येष्ठ खासदाराला त्यांनी हरवलं होतं, आता तरुण उमेदवारांच्या रांगेत त्याच सर्वांत ज्येष्ठ होत्या. त्याच महिन्यात मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या मतदारसंघात, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार नऊ उमेदवारांतून २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरात खासदार झाले. सर्वांत जास्त मतांच्या ज्या नियमाखाली १९८० च्या नोव्हेंबरात होल्ट्झमनबाई हरल्या, तोच ठाणेदारांच्या कामी आला.

आणि मावसभावाचा पहिला प्रश्न. २२ जून २०२१ ला मॅनहॅटनच्या डेमोक्रॅट मतदारांनी महापौरासाठी पाच नावांपर्यंत क्रम दिले. त्याच मतदानात डीएसाठी मात्र एकाच नावापुढे खूण करायची होती, कारण डीएचं पद राज्याच्या कायद्यात बसतं, शहराच्या नाही. उमेदवार आठ होते. ॲल्विन ब्रॅग सुमारे ३४ टक्के मतांवर पक्षाचे उमेदवार ठरले.